कोरियन धाटणीचा खिमा-भात: मुंबईच्या खिम्यासाठी बसवलेली कृती

‘वीस मिनिटांत कोरियन बीफ बाऊल’ अशा कृती नेटवर ढिगाने सापडतात. त्यातली एखादी जशीच्या तशी मुंबईतल्या खिम्यावर चालवली की बहुतेकदा काळपट पाण्यात उकडलेला, चावताना रबरासारखा ओढणारा आणि वर खारट खिमा ताटात पडतो. यात करणाऱ्याचा दोष थोडा असतो. त्या कृती ज्या मांसासाठी लिहिलेल्या असतात त्यात वीस टक्क्यांच्या आसपास चरबी असते, ते धुतलेलं नसतं आणि पाकिटातून थेट तव्यावर पडतं. आपल्याकडचा म्हशीचा खिमा अगदी कमी चरबीचा, जरा जाड धाग्याचा, आणि घरी आल्याबरोबर नळाखाली धुतलेला. म्हणजे हवी ती चरबी नाही आणि नको ते पाणी भरपूर. खालची सगळी खटपट मुख्यतः त्या पाण्याशी आहे.

आधी पदार्थ काय ते थोडक्यात. कोरियात भातावर कालवण, मांस किंवा भाजी पसरून एकाच वाडग्यात खायच्या पदार्थांना ‘दपबाप’ म्हणतात. अर्थ ‘झाकलेला भात’. वरच्या मांसाची चव बुलगोगीची: बुल म्हणजे आग, गोगी म्हणजे मांस. खरी बुलगोगी पातळ कापांची असते, सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेल्या नाशपातीत मुरवून भाजलेली. खिम्याचा बाऊल हा त्याचा कामाच्या दिवसाचा, संध्याकाळी सात वाजता लोकलमधून उतरून करायचा अवतार. चव तीच, मुरवणं नाही.

मांस कुठलं

महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गायीच्या आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे मुंबईत ‘बीफ’ म्हणून जे रीतसर मिळतं ते म्हशी-रेड्याचं. दुकानात त्याला ‘बडे का’ म्हणतात. वांद्रे, वसईकडच्या ख्रिस्ती घरांत आणि मोहल्ल्यांत ते नेहमीचंच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी मटणाचा किंवा चिकनचा खिमा घ्यावा. सॉस तोच राहतो, शिजवण्याची वेळ बदलते, आणि ते पुढे येईलच.

चार जणांना अर्धा किलो खिमा पुरतो. खाटकाकडे तयार पडलेला खिमा घेऊ नका. मांडीकडचा, पडदे-शिरा कमी असलेला सलग तुकडा निवडा आणि तो समोर खिमा करून घ्या. सांगायचं ते मुंबईच्या भाषेत एवढंच: ‘एक ही बार मशीन में निकालो, पचास ग्राम चरबी साथ में डालो.’ दोनदा काढलेला खिमा बारीक लगदा होतो, तव्यावर त्याचे गोळे होतात आणि कडेने कुरकुरीत होईल असा कण उरतच नाही. चरबी नको असेल तर ठीक, पण मग घरी दोन टेबलस्पून तेल जास्त घालावं लागेल. म्हशीची चरबी पांढरीशुभ्र असते; पिवळसर आणि वासाला खवट असेल तर ती जुनी आहे.

धुण्याचा प्रश्न इथेच सोडवा. धुवायचंच असेल तर तुकडा धुवा, खिमा नाही. खाटकाकडेच तुकडा धुऊन, फडक्याने पुसून मग मशीनमध्ये घालायला सांगितलं की काम झालं. घरी आणलेला खिमा धुवायची सवय सुटत नसेल तर तो बारीक चाळणीत एकदाच खळबळून काढा, वीस मिनिटं निथळू द्या आणि मग सुती पंचात बांधून चक्क्यासारखा पिळा. धुतलेल्या अर्धा किलो खिम्यात सहज अर्धी वाटी पाणी अडकून बसतं, आणि ते सगळं कढईतच सुटतं.

कोरडा झालेला खिमा थाळीत पसरा. त्यावर पाव टीस्पून खायचा सोडा एक टेबलस्पून पाण्यात विरघळवून शिंपडा, हाताने हलकेच मिसळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी काढा सांगून परत पाणी घालायला सांगतोय हे विचित्र वाटेल. पण सोड्याने मांसाचा आंबटपणा उतरतो, त्यातली प्रथिनं तापल्यावर तितकी आवळत नाहीत, त्यामुळे मांसाचं स्वतःचं पाणी आतच राहतं आणि रंगही लवकर चढतो. म्हशीच्या खिम्याला याचा फरक ठळक कळतो. पाव टीस्पूनच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. मीठ मात्र आत्ता अजिबात नको.

भात आधी लावा

कोरियन भात आखूड दाण्याचा आणि चिकट. बासमतीवर हा खिमा घातला की सॉस खाली गळतो, दाणे सुटे पळतात आणि शेवटी वाडग्याच्या तळाशी खारं पाणी उरतं. मुंबईत कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा जवळचा तांदूळ म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून तो आला, 1987 मध्ये. शिजल्यावर दाणा दाण्याला धरतो पण आकार सोडत नाही, हे इथे नेमकं हवंय. आंबेमोहोरही चालतो, फक्त तो पटकन मोडतो आणि त्याचा सुवास तिळाच्या तेलाशी भांडतो. वाडा कोलम यासाठी फार मोकळा.

300 ग्रॅम तांदूळ पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत चार-पाचदा धुवा. हा भाग टाळू नका: वरचं पीठ राहिलं तर भात चिकट होण्याऐवजी खळीसारखा होतो. वीस-पंचवीस मिनिटं भिजवा, पूर्ण निथळवा. मग जाड बुडाच्या पातेल्यात जुन्या तांदळाला 520 मिली पाणी, दिवाळीनंतर बाजारात येतो त्या नव्या तांदळाला 450 मिली. मोठ्या आचेवर उकळी आली, वर भोकं दिसू लागली की घट्ट झाकण, गॅस अगदी बारीक, बारा मिनिटं. बंद करून दहा मिनिटं झाकण न उघडता ठेवा, मग उलथन्याच्या कडेने हलवा. कुकरच्या डब्यात लावत असाल तर पाणी 50 मिली कमी करा, तीन शिट्ट्या काढा आणि वाफ आपोआप जिरू द्या. मीठ, तूप, तेल काही घालायचं नाही. आळणी भात हा या पदार्थाचा अर्धा तोल आहे. खालच्या सॉसमध्ये मीठ किती आहे ते बघितलं की कळेल.

सॉसचं सामान

– नैसर्गिक आंबवलेला सोया सॉस 4 टेबलस्पून, म्हणजे 60 मिली
– साधा पिवळा गूळ 35 ग्रॅम, किसून
– नाशपाती किंवा सफरचंद अर्धं, किसून, साधारण 60 ग्रॅम
– लसूण 20 ग्रॅम: मोठ्या 8 पाकळ्या, गावठी असेल तर 12 ते 14
– आलं एक इंच
– गोचुजांग 1 टेबलस्पून
– मिरपूड अर्धा टीस्पून
– व्हिनेगर 1 टीस्पून
– भाजलेल्या तिळाचं तेल 2 टीस्पून, शेवटी घालायला
– पातीचा कांदा 5-6 काड्या, पांढरा भाग आणि पात वेगळी चिरून
– भाजलेले पांढरे तीळ 1 टेबलस्पून

यातल्या तीन गोष्टींवर सगळं अडतं: सोया सॉस, तेल आणि गोचुजांग.

सोया सॉसची बाटली उलटी करून घटक वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असेल तर तो आंबवून केलेला. पाणी, मीठ, कॅरॅमल रंग असं सुरू होत असेल तर तो चायनीजच्या गाडीवर हाक्का नूडल्सला काळा रंग देणारा. त्यात रंग जास्त आणि चव कमी. तोच घरात असेल तर चारऐवजी दोन टेबलस्पून घ्या, दोन टेबलस्पून पाणी घाला आणि शेवटी चाखून ठरवा. डार्क सोया चार चमचे घातला की खिमा डांबरासारखा दिसतो आणि कडवट लागतो. आंबवलेल्या साध्या सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. चार टेबलस्पून म्हणजे नऊ ग्रॅम. वेगळं मीठ लागणार नाही.

तिळाच्या तेलात फसगत सर्वांत जास्त होते. घाणीचं किंवा दिव्याला लावतो ते तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, फिकट सोनेरी. कोरियन स्वयंपाकातलं तेल भाजलेल्या तिळाचं, तपकिरी, आणि वास असा की झाकण उघडताच चिक्कीच्या दुकानाची आठवण यावी. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. छोटी शंभर मिलीची बाटली आणा, वर्षभर पुरते. नसेल तर दीड टेबलस्पून पांढरे तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, गरम असतानाच खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटा आणि दोन टीस्पून कोमट तेलात दहा मिनिटं ठेवा. गाळायची गरज नाही. फक्त तीळ संक्रांतीचे उरलेले आणि आता पावसाळा लागलेला असेल, तर आधी दोन दाणे चावून बघा. खवट तीळ सगळ्या वाडग्याची वाट लावतात.

गोचुजांग म्हणजे मिरची पावडर, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ यांची मुरवलेली लाल पेस्ट. क्रॉफर्ड मार्केटात परदेशी किराण्याच्या दुकानांत मिळते, मोठ्या सुपरमार्केटांत आणि घरपोच किराणा ॲपवरही. उघडल्यावर फ्रिजमध्ये, कोरड्या चमच्याने. वरचा थर काळपट होतो, त्यात बिघडलेलं काही नसतं. शेझवान चटणी हा तिचा पर्याय नव्हे, दिसायला कितीही सारखी असली तरी. त्यात तेल आणि व्हिनेगर जास्त, आंबवलेपणा शून्य. नाइलाजाने दोन टीस्पून ब्याडगी मिरचीपूड, एक टीस्पून गूळ, एक टीस्पून सोया सॉस आणि अर्धा टीस्पून व्हिनेगर कालवा. रंग आणि गोड-तिखटपणा जमतो, मुरलेली खोली येत नाही. लवंगी किंवा संकेश्वरी पूड घेतलीत तर तिखट पुढे पळतं आणि बाकी काही कळत नाही.

गूळ सोया सॉसमध्ये आधी विरघळवून गाळून घ्या, कारण त्यात खडा-रेती निघते. चिकीचा गूळ नको, आटल्यावर दोऱ्या ओढतो. ब्राऊन शुगर असेल तर तेवढीच, साधी साखर असेल तर 30 ग्रॅम. नाशपाती पावसाळ्यात गाड्यांवर स्वस्त असते, एरवी सफरचंद. फळ किसून रसासकट घाला. लसूण-आलं किसून, पण वेगळं ठेवा. ते सॉसमध्ये जात नाही, कढईत जातं.

तयार मिळणारी आलं-लसूण पेस्ट इथे नको. तिच्यातलं मीठ आणि आंबट इथे लगेच चाखायला येतं.

काकडी, खिमा निथळेपर्यंत

दोन काकड्या पातळ चकत्या करून पाऊण टीस्पून मीठ चोळून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळा. एक टीस्पून ब्याडगी पूड, एक टीस्पून व्हिनेगर, अर्धा टीस्पून साखर, एक किसलेली पाकळी, तीळ, तिळाच्या तेलाचे चार थेंब. कोशिंबिरीसारखी आहे, दाण्याचं कूट आणि दही सोडून. न पिळता घातली तर पाच मिनिटांत वाडग्यात तळं साचतं.

आता कढई

भांडं हा अर्धा निकाल आहे. बिडाची किंवा लोखंडी कढई, नाहीतर मोठा लोखंडी तवा. नॉनस्टिक पॅन इतका तापवू नये आणि तापवला नाही तर रंग येत नाही. आपल्या घरातला गॅस परदेशी कृतींतल्या चुलींपेक्षा कमी ताकदीचा, म्हणून अर्धा किलो खिमा एकदम टाकायचा नाही. 250 ग्रॅमच्या दोन खेपा करा. दहा मिनिटं जास्त जातात आणि पदार्थ वाचतो.

मोठ्या बर्नरवर कढई चार मिनिटं कोरडी तापू द्या. एक टेबलस्पून तेल घाला (शेंगदाण्याचं चालेल, मोहरीचं नको). चरबी घातलेली नसेल तर दोन. तेल लाटेसारखं हलायला लागलं, कडेला किंचित धूर दिसला की पहिली खेप टाका, उलथन्याने थालीपिठासारखी चपटी दाबा, आणि हात काढून घ्या. अडीच ते तीन मिनिटं हलवायचं नाही. सवयीने हात जातोच. दुसरं काम काढा, पात चिरा.

इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी. खिमा बरोबर भाजत असेल तर आवाज चरचरीत, कोरडा, सलग येतो, पापड तळताना यावा तसा. पाणी सुटलं की तोच आवाज जड होतो आणि बुडबुड ऐकू येते. भांड्यातून धुराऐवजी पांढरी वाफ उठते. ती वाफ आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला तपकिरी रंग, भाजका वास येतो तो एकशेचाळीसच्या पुढे. म्हणजे बुडबुड चालू असेपर्यंत कितीही वेळ ठेवा, खिमा शिजेल, भाजला जाणार नाही. बुडबुड ऐकू आली तर घाबरून सॉस ओतू नका. गॅस मोठाच ठेवा, खिमा कडेला सरकवून मधलं पाणी उघड्या कढईत आटू द्या. फारच असेल तर चमच्याने वाटीत काढा आणि नंतर सॉसमध्ये मिसळा, त्यात चव आहे.

खालची बाजू गडद तपकिरी झाली की उलटा आणि आता फोडा. यासाठी पावभाजीचा मॅशर उत्तम. पण पहिली बाजू भाजल्याशिवाय मॅशर लावलात तर खिम्याचा चिखल होतो. वाटाण्याएवढे तुकडे राहू द्या. आणखी दोन मिनिटं परता, बाजूला काढा, कढई परत तापवा, दुसरी खेप.

दोन्ही खेपा कढईत एकत्र करून एक दाणा चावून बघा. एकदाच काढलेला मांडीचा खिमा सोड्यामुळे एवढ्यात मऊ झालेला असतो. अजून चिवट वाटला तर 60 मिली पाणी घालून झाकण ठेवा, बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं, मग झाकण काढून पुन्हा कोरडा करा. आधी भाजून मग वाफवलेला खिमा चव राखतो. उलट क्रमाने केलं तर नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर खिमा 71 अंश सेल्सिअस गाठायला हवा. अख्ख्या तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला असलेले जंतू खिम्यात सगळीकडे मिसळलेले असतात, म्हणून तो मध्यम-कच्चा ठेवायची चैन नको.

आता गॅस मध्यम. खिमा कडेला, मध्ये एक टीस्पून तेल, त्यात किसलेलं आलं-लसूण आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. चाळीस सेकंद, लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत. लसूण आधी घातला असता तर एव्हाना काळा पडला असता. सगळं एकत्र करा, गूळ-सोया, फळाचा कीस, गोचुजांग, मिरपूड, व्हिनेगर घाला. दोन ते तीन मिनिटं हलवत राहा. उलथनं तळावरून ओढल्यावर मागे राहिलेली वाट दोन सेकंद मोकळी दिसली की सॉस झाला. त्याच्या पुढे नका नेऊ: गूळ कडेला लागायला लागला की कडवटपणा येतो आणि तो कशानेही जात नाही. गॅस बंद, मग तिळाचं तेल, अर्धी पात. तेल गॅस चालू असताना घातलं तर पैसे वाफेबरोबर खिडकीतून जातात.

आणि हो, हळद नाही, गरम मसाला नाही, कांदा-टोमॅटो परतणं नाही. शेवटच्या क्षणी कोथिंबिरीकडे जाणारा हातही आवरा. त्यातलं काही घातलं की झकास खिमा होईल, पण तो पावाबरोबर खायचा.

मटण, चिकन, आणि पातळ काप

मटणाचा खिमा भाजून झाल्यावर 100 मिली पाणी घालून झाकणाखाली बारा ते पंधरा मिनिटं शिजवा, कोरडा करा, मग सॉस. आलं दुप्पट घ्या. चिकनचा खिमा मांडीचा मागा. छातीचा घेतला तर भुसा होतो. त्याला सोडा नको, रंग कमी येतो, मीठ लवकर चढतं म्हणून सोया सॉस 50 मिली. 74 अंशांपर्यंत शिजवा.

सुट्टीच्या दिवशी कापांची बुलगोगी करायची असेल तर खाटकाकडे ‘अंडरकट’ मागा. पाठीच्या आतला हा मऊ तुकडा मुंबई-गोव्यात याच नावाने ओळखला जातो, महाग असतो आणि लवकर संपतो. तुकडा फ्रीझरमध्ये सव्वा तास ठेवा, दगड होऊ देऊ नका. कडक झाला की धाग्याच्या आडवे दोन-तीन मिलिमीटरचे काप सुरीने सरळ पडतात. वरच्या सॉसमध्ये, आलं-लसणासकट, अर्धा तास मुरवा. मांडीचे काप असतील तर त्यात एक टीस्पून कच्च्या पपईचा वाटलेला गर, आणि फक्त वीस मिनिटं. सीक कबाबवाल्यांचीच ही युक्ती, पपईतलं पपेन धागे तोडतं. तासभर विसरलात तर काप बोटांनीच पिठासारखे मोडतात. काप सॉसमधून निथळवून तीन खेपांत, प्रत्येकी दीड-दोन मिनिटं. उरलेला मुरवणीचा सॉस वेगळा खळखळून उकळा आणि वरून घाला, कच्चा नको.

वाडगा भरणं

भात दाबून भरू नका. खिमा अर्ध्या भागावर, काकडी दुसरीकडे, वर तीळ आणि उरलेली पात. एक हाफ फ्राय अंडं, पिवळं पातळ राहिलेलं: ते फोडून कालवलं की सॉसचा खारेपणा गुळगुळीत होतो, म्हणून ते शोभेचं समजू नका. अंड्यावर मीठ मात्र नको. किमची (कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं) घालणार असाल आणि ती विकतची असेल तर तिचं पाणी पिळून घ्या.

मोड आलेले मूग हा इथला सोपा आणि बरोबर पर्याय आहे. कोरियातही मुगाचे मोड खातात, फक्त बोटभर लांब. आपल्या उसळीचे छोटे मोड उकळत्या पाण्यात दीड मिनिट घाला, निथळवा, मीठ, लसूण, तिळाच्या तेलाने कालवा. पावसाळ्यात मोड एका रात्रीत आंबतात, हाताला बुळबुळीत लागले तर टाका. पालकही याच पद्धतीने, पण तीस सेकंद आणि मग पिळून मूठभर गोळा होईपर्यंत.

खिमा खारट झालाच तर त्यात पाणी ओतू नका, सॉस पातळ होऊन भातात उतरतो आणि खारेपणा पसरतो. अर्धं सफरचंद किसून घाला, एक मिनिट परता, आणि भात वाढवा. फार गोड झाला असेल तर व्हिनेगरचा अर्धा टीस्पून. फिका वाटला तर सोया सॉस कढईच्या गरम कडेवर ओता, मधे नाही. कडेला तो क्षणात आटतो आणि पाणी वाढत नाही.

उरलेला खिमा हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस. पिशवीत चपटा करून फ्रीझरमध्ये दोन महिने राहतो, आणि चपटा असल्यामुळे अर्ध्या तासात सुटतो. गरम करताना एक टेबलस्पून पाणी आणि झाकण, कारण गार झालेला गूळ खिम्याला चिकटून बसतो. भात मात्र ओट्यावर रात्रभर ठेवू नका. मुंबईच्या दमट उकाड्यात भातात वाढणारे जंतू विष सोडतात आणि ते परत गरम करूनही जात नाही. तासाभरात परातीत पसरून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. तो गार, सुटा झालेला भात आणि दोन चमचे उरलेला खिमा त्याच बिडाच्या कढईत मोठ्या गॅसवर न हलवता तीन मिनिटं दाबून ठेवला की खाली सोनेरी खरपुडी धरते.